थंडगार शेडमधला बिनपाण्याचा संडास: अकरा महिन्यांनंतर

आमच्या सुतारकामाच्या शेडमध्ये पाण्याची लाइन नाही, ड्रेनेज नाही, हीटरही नाही. थंडीत रात्री पारा शून्याखाली उतरतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणजे नळ नेला असता तरी पहिल्याच थंडीत पाइप फुटला असता. म्हणून कोपऱ्यात छोटी खोली काढून लघवी वेगळी करणारा कोरडा संडास बसवला. (बसवण्याआधी तुमच्याकडचे नियम नक्की विचारून घ्या.) वापरणारे आम्ही तिघं.

सगळे आधी वासाचंच विचारतात. वास येत नाही. लघवी आणि मैला एकत्र आले की खरा त्रास सुरू होतो. इथे भांड्याच्या पुढच्या भागातून लघवी नळीने कॅनमध्ये जाते आणि मागे बादलीत मैला कोरडा राहतो. त्यासाठी पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळतो. शिवाय ४ इंची पाइप छताच्या वर काढलाय, टोकाला जाळी आणि आत १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा. काडी पेटवून विझवा आणि भांड्याजवळ धरा. धूर खाली ओढला गेला तर हवा बरोबर चाललीय.

पहिल्या थंडीत मात्र दोन चुका महागात पडल्या. लघवीच्या नळीला मध्येच झोल होता. तिथे लघवी साचून गोठली आणि एका सकाळी भांड्यात उलट वर चढून बादलीत सांडली. दोन दिवस आत उभं राहवत नव्हतं. आता जाड नळी सरळ उतारावर टाकलीय, कॅन अगदी खाली ठेवलाय आणि तो पाऊणच भरू देतो, गोठला तरी फुटू नये म्हणून. नळीत पांढरे खडे धरतात. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून ओततो. दुसरी चूक छतावर काढलेल्या हवेच्या पाइपची. आतली दमट हवा गार पाइपला लागून थेंब बनायचे आणि टपटप बादलीत पडायचे. पाइपला फोमचं वेष्टण केलं आणि प्रश्न मिटला.

बादलीतला मैला दर वेळी भुशाने झाकायचा असतो. त्या भुशाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भुसा आमच्याकडे पोत्यांनी पडतो आणि तरीही मी चुकलो. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) किंवा प्लायवुडचा भुसा टाकूच नका. त्यात डिंक असतो, आणि इतका बारीक भुसा ओल लागताच चिखलासारखा बसतो. नुसते रंध्याचे ढलपे टाकले तर मधे पोकळ्या राहतात आणि नीट झाकलं जात नाही. सुक्या, अस्सल लाकडाचे ढलपे आणि करवतीचा भुसा निम्मे-निम्मे, दर वेळी दोन मुठी. भुसा ओला झाला तेव्हा चिलटं आली, सुका असताना कधीच नाही.

विकणारे याला कंपोस्टिंग टॉयलेट म्हणतात. गारठलेल्या शेडमध्ये बादलीत कंपोस्ट होत नाही, कारण ५ अंशांखाली जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. ही बादली फक्त साठवणीची, हे मान्य केलं की सगळं सोपं होतं. ती बाहेरच्या झाकणाच्या पिंपात रिकामी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २ ते २० अंश तापमानात नुसतं साठवायचं तर दीड ते दोन वर्षं लागतात. जंतांची अंडी फार चिवट असतात, म्हणून घाई करायची नाही. नंतरही ते झाडांच्या बुडाशीच जाईल, भाजीला नाही.

सर्वांत जास्त सुख दिलं ते थर्माकोलच्या सीटने! प्लॅस्टिकची सीट पहाटे चटका बसावा इतकी गार लागायची. दोन इंची थर्माकोल कापून बसवला. तो अंगाची ऊब ओढून घेत नाही, बसताच उबदार वाटतो. हात धुवायला तोटीचा थर्मास, साबण आणि वेगळी बादली. ते पाणी मैल्याच्या बादलीत चुकूनही जाता कामा नये.

पहिलं पिंप भरून बंद केल्याला तीन आठवडे झाले. झाकणावर रंगाने तारीख घातलीय आणि खाली ‘दोन वर्षं उघडू नये’ असं लिहिलंय. दुसरं पिंप शेजारी मांडलंय.