चिऱ्याच्या घरात वाय-फाय: केबल, मेश, रिपीटर की डोंगल?

गोव्यात डिचोली, सत्तरी, फोंडा भागातल्या जुन्या घरांत राऊटर बहुधा पुढच्या खोलीत असतो, कारण फायबरची तार तिथूनच आत येते. संगणक असतो मागच्या खोलीत आणि मध्ये दोन-तीन जाड चिऱ्याच्या भिंती. चिरा म्हणजे जांभा दगड; सच्छिद्र, पावसात ओल धरणारा. पाणी रेडिओलहरी शोषून घेतं, म्हणून उन्हाळ्यात कसंबसं चालणारं वाय-फाय आषाढात आणखी मंदावतं. अशा वेळी दुकानातून नेमकं काय आणावं?

आधी फोन संगणकाच्या शेजारी ठेवून त्याच वाय-फायवर वेग मोजा. फोन नीट चालतो आणि संगणक अडखळतो, तर दोष संगणकाचा. दोन्ही अडखळतात पण राऊटरजवळ वेग चांगला मिळतो, तर अडचण रेंजची. राऊटरपाशीच वेग नसेल किंवा त्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे फायबरचा सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला असेल, तर काहीही विकत घेऊ नका, कंपनीकडे तक्रार नोंदवा.

दोष संगणकाचा असेल तर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं वाय-फाय यंत्र, हा स्वस्त आणि योग्य उपाय आहे. त्याआधी दोन फुकटच्या गोष्टी करून बघा. वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्याने टाका, आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, वीज वाचवण्यासाठी वाय-फाय कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा. डेस्कटॉप असेल तर मागचे अँटेना घट्ट बसलेत ना, तेही पाहा. डोंगल घेतलाच तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडवर चालणारा, बाहेर अँटेना असलेला घ्या. तो यूएसबी ३ च्या पोर्टला थेट लावला तर २.४ वर व्यत्यय येऊ शकतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने तो थोडा दूर ठेवावा.

रेंजच कमी असेल तेव्हा खरी निवड असते ती राऊटरपासून संगणकापर्यंत केबल, की मेश, म्हणजे एकच वाय-फाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे. टेबलावरून न हलणाऱ्या संगणकासाठी माझं मत ठामपणे केबलच्या बाजूने आहे. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा पूर्ण वेग देते, भिंत ओली असो वा कोरडी. पावसाळ्यात दिवे जातात तेव्हाही तिचा फायदा कळतो: राऊटर इन्व्हर्टरवर असला की लॅपटॉप बॅटरीवर बिनधास्त चालतो. मेशच्या दुसऱ्या डब्यालाही वीज लागते, आणि त्या खोलीतला सॉकेट इन्व्हर्टरवर नसला की नेट गेलंच. केबलची खरी अडचण म्हणजे भिंतीत भोक पाडणं. पण दारांच्या चौकटींवरून पट्टीत नेली तर बरेचदा त्याची गरजच पडत नाही. एक पथ्य मात्र कडक पाळा: तांब्याची केबल घराबाहेरून, छपरावरून किंवा शेजारच्या घरापर्यंत ओढू नका. विजांचं वादळ येण्याआधीच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा; वीज कडाडू लागल्यावर त्यांना हात लावू नका.

मेश घ्यावा तो घरभर फोन आणि लॅपटॉप फिरत असतील तर. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळं कुटुंब जमतं तेव्हा त्याची किंमत वसूल होते. दुसरा डबा संगणकाच्या खोलीत नव्हे, तर वाटेत, राऊटरची रेंज अजून चांगली असेल तिथे ठेवायचा. दोन डब्यांमध्ये केबल जोडता आली तर उत्तमच.

साधा रिपीटर, म्हणजे राऊटरचा सिग्नल उचलून पुढे पाठवणारा डबा, मी सहसा सुचवत नाही. एकाच बँडवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग जवळपास अर्धा करतो. मेलपुरता ठीक, मुलांच्या ऑनलाइन वर्गाला अपुरा.

पणजी-पर्वरीतल्या फ्लॅटमध्ये हिशेब वेगळा आहे. तिथे भिंतींपेक्षा शेजाऱ्यांच्या राऊटरची गर्दी जास्त नडते. संगणक ५ गिगाहर्ट्झवर जोडा. जुनं यंत्र फक्त २.४ वरच चालत असेल तर राऊटरमध्ये १, ६, ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडा. राऊटर टीव्हीमागून काढून मधल्या खोलीत उंचावर ठेवला, तर बहुतेक फ्लॅटमध्ये खरेदीची गरजच उरत नाही.