चार सेकंदांचा रॉ आणि दोनदा घेतलेलं 'लायसन्स'

कॅमेरा विकणाऱ्याने रेकॉर्डचं बटण दाबलं, तीन सेकंद थांबला आणि पुन्हा दाबून बंद केलं. "बघ, आला ना रॉ?" कॅमेरा त्याच्या हातात, अंगठाही त्याचाच. मी स्क्रीनकडे बघत होतो. बघायचं होतं अंगठ्याकडे, पण हे कळायला मला दीड महिना आणि एक वाया गेलेली संध्याकाळ लागली.

जुना कॅनन ६००डी, 'मॉडिफाइड, फुल एचडी रॉ व्हिडिओ अनलॉक केलेला', अशी जाहिरात होती. मला रॉ हवा होता त्याला कारण होतं. एक छोटी फिल्म करत होतो. तिच्यात म्हातारा नट खिडकीपाशी बसून बोलतो असा एक लांब प्रसंग आहे. बाहेर मावळतीचा प्रकाश, आत जवळजवळ अंधार. या कॅमेऱ्याचा नेहमीचा व्हिडिओ ८ बिटचा, म्हणजे रंग-उजेडाच्या मोजक्याच पायऱ्यांचा, आणि चांगलाच दाबून साठवलेला असतो. चेहरा उजळायला गेलं की अंधारात ठिपके आणि चौकोन दिसायला लागतात, आणि खिडकी एकदा पांढरी झाली की झाली. रॉमध्ये सेन्सरकडून आलेली १४ बिटची माहिती जशीच्या तशी हाती लागते, त्यामुळे नंतर रंग आणि उजेड सावरायला भरपूर वाव असतो. हे मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, आणि फसायला नेमकं एवढंच ज्ञान लागतं.

त्या गृहस्थाने लॅपटॉपवर एक क्लिप दाखवली. झाड, पानांतून येणारं ऊन, सावलीतली साल. अप्रतिम. "याच कॅमेऱ्यावरची आहे. मूळ रॉ फाइलचा तुकडा पेनड्राइव्हवर देतो." मग कॅमेऱ्याच्या किमतीवर 'रॉ लायसन्स'चे वेगळे पैसे मागितले. कॅमेऱ्यात खास फर्मवेअर (कॅमेरा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) भरलंय, ते कंपनीच्या आतल्या माणसाकडून मिळालंय, त्याची 'की', म्हणजे किल्ली, या कार्डाला बांधलेली आहे, असं सगळं. कार्डही त्यानेच दिलं, ६४ जीबीचं, वर मोठा वेग छापलेला. आणि तीन-तीनदा बजावलं, "हे कार्ड फॉरमॅट करू नकोस, यावर दुसरं काही टाकू नकोस. लायसन्स गेलं तर मी जबाबदार नाही."

या वाक्याचं महत्त्व पुढे कळेल.

आता खरं काय ते सांगतो. त्या 'खास फर्मवेअर'चं नाव मॅजिक लँटर्न. २००९ साली ट्रॅमेल हडसन यांनी कॅननच्या ५डी मार्क २ साठी ते सुरू केलं, पुढे जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी वाढवलं, आणि २०१३ मध्ये त्यातून रॉ व्हिडिओ निघू लागला. सगळा कोड खुला आहे, वापरायला एक पैसा पडत नाही. ते कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर बदलतही नाही. कॅमेऱ्यात फक्त 'कार्डावरून सुरू हो' एवढी एक खूण लागते, बाकी सगळं कार्डावर राहतं. कार्ड काढलं की कॅमेरा पहिल्यासारखा. कार्ड फॉरमॅट झालंच तर त्याच फाइली पुन्हा टाकायच्या. इतकंच काय, कॅमेऱ्यातून फॉरमॅट करताना मॅजिक लँटर्न स्वतःच विचारतं, मला ठेवू का काढू. बनवणारे स्पष्ट सांगतात की वापर तुमच्या जबाबदारीवर करा. ते ठीकच आहे. पण लायसन्स, की, आतला माणूस यातलं काहीच अस्तित्वात नाही. माझ्या कार्डावरची 'की' म्हणजे सोळा अक्षरं लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल होती. ती उडवली तेव्हा कशालाच काही झालं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात आलं की रेकॉर्डिंग चार सेकंदांनी आपोआप थांबतंय. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. फोन केला. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "मित्रा, तुझं बेसिक आहे ना! सलग रेकॉर्डिंगला प्रो लागतं." आणि मी (इथे हसायला हरकत नाही) दुसऱ्यांदा पैसे दिले. कॅमेरा घेऊन तो आतल्या खोलीत गेला, दहा मिनिटांनी बाहेर आला. "आता दाब आणि सोडून दे." दाबला. दोन मिनिटं चालला. मला हायसं वाटलं.

स्क्रीनवरची चौकट लहान झाली होती आणि चित्र जवळ आल्यासारखं दिसत होतं. ते विचारलं तर उत्तर तयार होतं, "रॉमध्ये सेन्सरचा मधला शुद्ध भागच वापरतात." शुद्ध भाग! त्याने आत जाऊन फक्त रेझोल्यूशन ९६० बाय ४०० वर आणून ठेवलं होतं. पूर्ण एचडीच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी पिक्सेल. दुसऱ्या लायसन्सचे पैसे मी एका मेन्यूतला आकडा खाली आणण्यासाठी मोजले.

हे आधी ओळखता आलं असतं का? आलं असतं, आणि कोणाला विचारायचीही गरज नव्हती. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. प्रत्येकाचे १४ बिट, म्हणजे एका फ्रेमचे साधारण ३.६ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला ८७ एमबी कार्डावर लिहावे लागतात. आणि ६००डी कार्डावर लिहितो सेकंदाला २० एमबीच्या आसपास. ती मर्यादा कॅमेऱ्याची आहे, कार्ड कितीही वेगवान घाला. उरलेला डेटा कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत साचत जातो आणि ती भरली की रेकॉर्डिंग थांबतं. माझ्याकडे ती चार सेकंदांत भरायची. त्याचा अंगठा तीन सेकंदांवर का उठला ते आता कळलं असेल.

आणखी एक गोम. या कॅमेऱ्याचा सेन्सर रुंदीला ५१८४ पिक्सेलांचा. व्हिडिओसाठी तो त्यातला एका तिसऱ्या हिश्शाएवढाच तपशील आडवा घेतो, म्हणजे १७२८. पूर्ण दृश्य ठेवून १९२० चा रॉ त्यातून निघूच शकत नाही. झूम करून मधला तुकडा घेतला तर आकडा वाढतो, पण मग दृश्य आकसतं. जाहिरातीतले 'फुल एचडी रॉ' हे शब्द वाचतानाच खोटे होते. ५डी मार्क ३ सारख्या कॅमेऱ्यावर, वेगवान सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड घालून, १९२० चा सलग रॉ खरोखर मिळतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते अशक्य वाटत नाही. एका कॅमेऱ्याची खरी कीर्ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून विकायची.

सगळ्यात लागलं ते हे की, मॅजिक लँटर्नच्या रॉ मेन्यूत, खालच्या ओळीत, निवडलेल्या सेटिंगला दर सेकंदाला किती एमबी लिहावे लागतील ते छापून येतं. कॅमेरा माझ्यासाठी गुणाकार करून दाखवत होता. मी ती ओळ कधी वाचली नाही.

शूटच्या संध्याकाळी ज्येष्ठ नट आले. त्यांना काका म्हणतो आम्ही. तब्येत बरी नव्हती, तरी माझ्या शब्दाखातर आले होते. चौकट लहान म्हणून कॅमेरा पार भिंतीला टेकवला. प्रकाश जेमतेम अर्धा तास मिळणार होता. सुरुवातीचे काही टेक जरा अडखळत गेले, मग काकांनी पाणी मागितलं, दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "आता घे." तो टेक संपल्यावर खोलीत कोणी बोललं नाही. लाइट करणारा मुलगा दिवा बंद करायचंही विसरून तसाच उभा राहिला होता. काका निघताना म्हणाले, "मिळालं ना तुला हवं ते?" मी म्हटलं, "काका, मिळालं."

रात्री कार्ड उघडलं. सगळ्या फाइली दिसत होत्या, नावं बरोबर, आकार बरोबर. सुरुवातीचे टेक चालले. नंतरच्या फाइली उघडायला गेलो तर काळं, मग एरर. शेवटचा टेक नव्हताच. आकार होता, आत फक्त शून्यं होती.

तीन दिवस वाटत राहिलं, माझंच काही चुकलं. मग एका ओळखीच्या एडिटरने कार्ड हातात घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "हे तपासलंय?" एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्राम असतो (मॅक आणि लिनक्सवर एफ३), तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून पडताळतो. ६४ जीबी छापलेलं माझं कार्ड निघालं ८ जीबीचं. आतल्या चिपला 'मी ६४ चा आहे' असं सांगायला शिकवलेलं असतं. कॅमेरा विश्वास ठेवतो, पुढचा डेटा पाठवत राहतो, आणि तो कुठेच जात नाही. ९६० बाय ४०० ला दर सेकंदाला सुमारे १६ एमबी, म्हणजे ८ जीबी सव्वाआठ मिनिटांत संपले. काकांनी पाणी मागितलं तेव्हाच कार्ड संपलेलं होतं.

कार्ड तपासायचं तर ते रिकामं करून पूर्ण भरावं लागतं. आणि मला तर बजावलेलं होतं, फॉरमॅट करू नकोस, दुसरं काही टाकू नकोस. लायसन्सच्या थापेने नुसते पैसे उकळले नाहीत, तिने कार्डाची थाप झाकून ठेवली. हे ज्या सफाईने जुळवलंय त्यावरून मी पहिला नसणार.

मग पेनड्राइव्हवरचा तो झाडाचा तुकडा आठवला. फाइल एमएलव्ही प्रकारची, मॅजिक लँटर्न त्याच प्रकारात रॉ साठवतं. खरेदीआधी उघडली नव्हती, कारण 'जड असते, तुझ्या लॅपटॉपला झेपणार नाही' असं त्यानेच सांगितलेलं. एमएलव्ही अ‍ॅप हे मोफत सॉफ्टवेअर उतरवलं, फाइल टाकली, झेपली. एमएलव्ही फाइलमध्ये ती कोणत्या कॅमेऱ्याने घेतली त्याची नोंद असते. तिथे लिहिलं होतं: कॅनन ईओएस ५डी मार्क ३. पुरावा त्याने स्वतःच्या हाताने माझ्या खिशात घातला होता, आणि तो महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून होता.

जाता जाता, 'आठ हजार क्लिकच झालेत' हा त्याचा दावाही मॅजिक लँटर्ननेच उघडा पाडला. त्याच्या डीबग मेन्यूत शटर किती वेळा उडालं ते दिसतं. माझ्या कॅमेऱ्याचा आकडा एक लाखाच्या पुढे.

पैसे? नाही मिळाले. व्यवहार रोखीत, पावती नाही, बोलणं सगळं फोनवर. एकदा फोन उचलला तेव्हा म्हणाला, "मॉडिफाइड माल आहे, गॅरंटी नसते, तूच काहीतरी सेटिंग बिघडवलं असशील." लेखी मेसेजमध्ये एक तरी दावा त्याच्याकडून लिहून घेतला असता तर तक्रारीला धड टेकू मिळाला असता.

असा कॅमेरा घ्यायला निघालेल्यांसाठी: कार्ड आपलं, आधी तपासलेलं, घेऊन जा. मॅजिक लँटर्न तुमच्या मॉडेलसाठी आणि त्यातल्या फर्मवेअर आवृत्तीसाठी कोणतं लागतं ते पाहून स्वतः टाका. त्या नावाखाली कोणी वेगळे पैसे मागितले की तिथूनच परत फिरा. रेकॉर्डचं बटण स्वतः दाबा आणि हात खिशात घालून उभे राहा, किमान दोन मिनिटं. ते चालू असताना रेझोल्यूशनचा आकडा मोठ्याने वाचा. नमुन्याची फाइल मूळ एमएलव्हीच मागा आणि तिथल्या तिथे उघडा.

कॅमेरा अजून माझ्याकडे आहे. नव्या कार्डावर मॅजिक लँटर्न मीच टाकलं, अर्धा तास लागला. कमी रेझोल्यूशनचा रॉ तो इमानाने देतो, त्याचा काही दोष नव्हता. काकांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. फोनवर दोनदा विचारलं त्यांनी, कधी दाखवतोस म्हणून.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुसरं नाव, दुसरा कॅमेरा, झाड तेच. मी खाली विचारलं, सलग एक मिनिटाची मूळ फाइल पाठवाल का? तासाभरात जाहिरात गायब झाली. संध्याकाळी तिसऱ्या नावाने परत आली, आणि या वेळी तिथे प्रश्न विचारायची सोय बंद होती.