मोकळा हॉल की चार-चार जणांच्या खोल्या?

नाशिकला गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला हजार-बाराशे चौरस फुटांचं ऑफिस घेतलं आणि माणसं पंधरा-सोळा असली की इंटिरियरवाला बहुतेक वेळा मोकळ्या हॉलचाच आराखडा पुढे करतो. त्यात चूक काही नाही. तेवढ्याच जागेत दोन-तीन खुर्च्या जास्त बसतात, एसी आणि दिवे कमी लागतात, उद्या माणसं वाढली तर टेबलं सरकवली की झालं. नवशिक्या पोरालाही शेजारी बसून काम उचलता येतं.

माझं मत मात्र खोल्यांकडे झुकलं ते एका गोष्टीमुळे. दुसऱ्याचा फोन.

हॉलमधला त्रास नुसत्या गोंगाटाचा नसतो. एसीची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न यांची कानाला सवय होते. पण परचेसवाला "हो... नाही हो, अंबडला सकाळीच पोचायला हवी होती..." म्हणून थांबला की पलीकडचा काय म्हणाला असेल ते मन आपोआप भरत बसतं. 2010 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकण्यापेक्षा एकाच बाजूचं ऐकताना लक्ष जास्त उडतं. वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्याच्या मागे असा फोन चालू असेल तर आकडे पुन्हा पहिल्यापासून. माझं मोजमाप साधं आहे: दुपारी तीन वाजता किती जणांच्या कानात हेडफोन आहेत ते पाहा.

"हॉलमध्ये संवाद वाढतो" म्हणतात. हार्वर्डच्या दोघा अभ्यासकांनी 2018 मध्ये दोन कंपन्यांचा अनुभव मांडला, त्यात मोकळ्या जागेत आल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं होतं. सगळीकडे असंच होईल असं नाही, पण दावा तितका पक्का नाही एवढं खरं.

चार फुटी पार्टिशन हा मधला मार्ग मला दोन्हीकडून तोट्याचा वाटतो. बसलेल्या माणसाचा कान साधारण तेवढ्याच उंचीवर असतो, त्यामुळे आवाज वरून सरळ येतो. वर गुळगुळीत पीओपीचं सीलिंग असेल तर उरलेला तेही परतवतं.

खोल्यांचं दुखणं वेगळं, आणि ते बहुतेक कामातल्या कसुरीचं. जिप्समची भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवली तर आवाज वरच्या पोकळीतून पलीकडे उतरतो. भिंत स्लॅबपर्यंत न्या, दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड, मध्ये 50 मिलिमीटर ग्लासवूल. दोन खोल्यांचे स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नका. दाराखाली अर्धा इंच फट राहिली तर निम्मी मेहनत वाया, तिथे रबरी पट्टी हवी.

मग हवा कोंडते. हॉलसाठी घेतलेला एसी बंद खोल्यांना पुरत नाही; शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टनाचा स्प्लिट धरावा. तोही तीच हवा फिरवतो, म्हणून एक्झॉस्ट लागतोच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला खिडकी उघडून भागतं, एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची खोली दुपारनंतर तापते. तिथे माणसं न बसवता रेकॉर्ड किंवा मीटिंगची खोली ठेवावी. धुराचा डिटेक्टर प्रत्येक खोलीत वेगळा लागेल, हा खर्चही धरा.

भाडं जड होत असेल तर सगळ्यांना खोल्या नकोत. दिवसभर फोनवर असणारे चार-पाच जण तेवढे एका बंद खोलीत बसवा, बाकीचे हॉलमध्ये. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: दार साहेबांना मिळतं आणि डिस्पॅचवाला हॉलच्या मधोमध. फोनसाठी चार बाय चारची बूथ क्वचित बोलणाऱ्याला ठीक, पण ज्याला संगणकावर स्टॉक बघत बोलायचं आहे तो तिथे जात नाही.

आणि कारागिराला आधी भिंती, मग सीलिंग हा क्रम बजावून सांगा. सीलिंग आधी झालं तर भिंत स्लॅबपर्यंत न्यायला तेच फोडावं लागतं, आणि मग "इथपर्यंतच चालतं, साहेब" हे उत्तर ठरलेलं.