कुडाळच्या बाजारातलं घरगुती कोकम आगळ – सोलकढीसाठी डोळे मिटून घ्या

घरी सोलकढी केली की कोकणातल्या सारखी लागतच नाही असं खूप जण म्हणतात आणि मग नारळ बदलतात, लसूण वाढवतात, काही जण चक्क बीट घालतात रंगासाठी. बाबांनो नारळाला दोष देऊ नका, आधी तुमच्या आगळाची बाटली बघा.

मी सध्या जे वापरतेय ते कुडाळच्या बाजारात बचत गटाच्या बायका विकायला बसतात त्यांच्याकडचं आहे. एक लिटर १८० रुपयाला मिळालं. साधी प्लास्टिकची बाटली, वर छापलेला कागद, त्यावर घटक म्हणून दोनच गोष्टी, कोकम आणि मीठ. बस. मला एवढंच हवं होतं, कारण शहरात दुकानात जी आगळं मिळतात त्यातल्या काहींच्या लेबलवर पाणी, सायट्रिक ॲसिड, प्रिझर्वेटिव्ह आणि खाण्याचा रंग एवढं सगळं वाचायला मिळतं आणि कोकमाचा नंबर कधीकधी पाण्याच्या नंतर लागतो!! आगळात पाणी कशाला लागतं? रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या पिकलेल्या फळाचा, रस आणि भरपूर मीठ म्हणजे आगळ, आणि तेवढ्या मिठावर आणि कोकमाच्या स्वतःच्या आंबटपणावर ते वर्षभर आरामात टिकतं.

इथे थोडं थांबून सांगते कारण दुकानात बऱ्याच जणांचा गोंधळ होताना बघितलाय. आगळ वेगळं आणि अमृत कोकम वेगळं. अमृत कोकम म्हणजे रातांब्याच्या वाट्यांमध्ये साखर भरून बरणीत थर लावायचे, बरणी उन्हात ठेवायची, साखर विरघळून जो पाक सुटतो तो. त्याचं सरबत होतं, त्याची सोलकढी करू नका, गोडमिट्ट होते. आगळाला साखरेचा स्पर्श नाही, पिकलेले रातांबे फोडून त्यात मीठ घालून ठेवायचं, रोज ढवळायचं आणि सुटलेला रस गाळून घ्यायचा. आणि आमसूल म्हणजे त्याच फळाची साल, रसात बुडवून उन्हात वाळवायची, परत बुडवायची परत वाळवायची, अशी करत करत काळी होत जाते. आमसुलं भिजवूनही सोलकढी होते, आमच्याकडे पूर्वी तशीच व्हायची, पण आगळाला जो ताजा फळाचा वास असतो तो त्यात येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता या बाटलीबद्दल. रंग एकदम गडद, बाटलीत जवळजवळ काळा दिसतो आणि चमच्यात घेतला की लालजांभळा. तळाला गाळ बसतो, तो बसायलाच पाहिजे, हलवून घ्यायचं. वास उघडल्या उघडल्या पिकलेल्या रातांब्याचा येतो, व्हिनेगरसारखा झणका नाही. चव आधी खारट, मग सणसणीत आंबट आणि शेवटी जिभेवर जरासा तुरटपणा राहतो, तो तुरटपणा मला फार आवडतो आणि नुसत्या सायट्रिक ॲसिडवर तो येत नाही. नारळाच्या दुधात घातलं की फिका गुलाबी रंग येतो, लग्नाच्या हॉलमधल्या सोलकढीसारखा भडक राणी कलर नाही. तो भडक रंग बघितला की मला शंकाच येते. घरी तपासायचं असेल तर थोडं आगळ भरपूर पाण्यात पातळ करा आणि चिमूटभर खायचा सोडा टाका, कोकमाचा नैसर्गिक रंग लाल राहत नाही, जांभळट निळसर करडा असा बदलतो. जसाच्या तसा लालभडक राहिला तर समजून जा.

माझं प्रमाण असं, एका मोठ्या नारळाचं पहिलं आणि दुसरं दूध एकत्र, त्यात ४ टेबलस्पून आगळ, दोन लसणाच्या पाकळ्या आणि अर्धी हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. मीठ घालायचं नाही!! बाटली देताना त्या काकूंनी मला दोनदा बजावलं, "ताई, वरसून मीठ घालू नकात हां, ह्येच्यात आसा." खरंच लागत नाही. आणि गॅसवर ठेवायची नाही, फुटते. नारळ नसेल तर नुसतं पाणी, आगळ, जिरं, मिरची आणि कोथिंबीर घालून तिवळ करा, उन्हातून आल्यावर यासारखं दुसरं काही नाही, कोल्ड्रिंक वगैरे सगळं याच्यापुढे बाजूला. मासे खाल्ल्यावर वाटीभर सोलकढी तर हवीच, पण डाळ-भातासोबतही तितकीच छान लागते, शाकाहारी मंडळींनी लांब राहू नये.

काय आवडलं नाही तेही सांगते. झाकण बरोबर बसत नाही, प्रवासात बॅगेत थोडं गळलं आणि कोकमाचा डाग कपड्यावरून लवकर जात नाही. बनवल्याची तारीख लेबलवर नव्हती, ती पाहिजे, एवढा चांगला माल आहे तर तेवढं छापाच. आणि कुरिअरने पाठवत नाहीत त्यामुळे कोणी गावाला जाणारं असेल तरच मिळतं. घरी आणल्यावर मी काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं, तुम्हीही तेच करा, ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या भांड्यात अजिबात काढू नका, इतकं आंबट आहे ते.

१८० रुपये कोणाला जास्त वाटतील. पण रातांबे पिकतात एप्रिल-मे मध्ये आणि डोक्यावर पाऊस, झाडं उंच, उशिरा पिकणारी फळं पावसात सापडून वायाच जातात. जेवढे हाती लागतात ते पटापट फोडायचे, बिया वेगळ्या करायच्या, सालीचं आमसूल, रसाचं आगळ, आणि बियाही फुकट जात नाहीत, त्यातून कोकमाचं तेल निघतं जे थंड झालं की घट्ट होतं आणि टाचांच्या भेगांना लावतात. हे सगळं हाताने, जेमतेम काही आठवड्यांत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आपण आंबा आणताना पेटीचे हजारो देतो आणि कोकमाच्या वेळी १० रुपयांसाठी घासाघीस करतो हे मला पटत नाही, खरंच नका करू.

कोकणात मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला जाणार असाल तर नवीन आगळ तेव्हा बाजारात आलेलं असतं. कुडाळच नाही, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण कुठेही बाजारात बायका बसतात. लेबल वाचा, चमचाभर चाखायला मागा, देतात. आणि झाकणावर प्लास्टिकची पिशवी घालून रबरबँड लावून घ्या.