दांडिया बाजारातली आमची केबल : चित्र झकास, वायर गळ्यात

आमच्या गल्लीत केबल एकाच भाईची, त्यामुळे हे वाचून कोणी दुसरा शोधेल असं काही नाही, पण नवीन भाडेकरू आले की पहिला प्रश्न हाच असतो, केबल घेऊ का डिश लावू, म्हणून एकदाच लिहून टाकते. बडोद्यात 2013 ला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला ना, (दुसऱ्या टप्प्यात, सुरत-इंदूरबरोबर) तेव्हापासून आमच्याकडे हेच कनेक्शन आहे.

आधी चांगलं सांगते. चित्र झकास. धो धो पावसात समोरच्या काकूंची डिश गेली की त्या चहा घेऊन आमच्याकडे मालिका बघायला येतात. सासूबाईंना सह्याद्री लागतं, ते मध्ये एकदा गायब झालं तर भाई म्हणे बेन, मराठीचं पॅक वेगळं घ्यावं लागेल. म्हटलं खाजगी मराठी चॅनलचे घ्या की पैसे, सह्याद्री दूरदर्शनचं आहे, ते दाखवणं तुम्हाला कायद्यानेच बंधनकारक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं, काही न बोलता.

पैशांचं ठीकठाक. 2019 ला ट्रायचा (केबल-फोनवाल्यांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नवा हिशेब आला तेव्हा नुसत्या कनेक्शनचे 130 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, चॅनल वेगळे. ते 40 पैसे आमच्या भाईने कधी खाली सोडले नाहीत, नेहमी वरच ओढले. पावती मागितली तरच मिळते, तेव्हा मागा.

आता वायर. रस्त्यापलीकडच्या खांबावरून आमच्या गच्चीवर येते ती, मध्ये कशाचाच आधार नाही, खांबावर तर काळ्या वायरींचं नुसतं गुंतवळ आणि त्यातली निम्मी मेलेली, बंद कनेक्शनची, कोणी कापूनही नेत नाही. उत्तरायणला तिच्यात दोन-तीन पतंग अडकले, पोरांनी मांजा ओढला आणि वायर झोळीसारखी खाली आली. रात्री आमचे हे अॅक्टिव्हावर येत होते, वायर हेल्मेटच्या काचेवरून घसरत आरशात अडकली म्हणून वाचले, वीतभर खाली असती तर गळ्यालाच होती. आरसा तुटला तो तुटला. तेव्हाच्या तेव्हा फोन केला. 'हा बेन, माणस मोकलुं छुं.' माणूस चौथ्या दिवशी आला, कारण दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचाच दुसरा दिवस, आणि मग पुढे काय होतं देव जाणे.

आणि खरी गंमत फोनवरच झाली, मी तक्रार लिहून घ्या म्हटलं तर मुलगी विचारते टीव्ही चालू आहे ना? म्हटलं चालू आहे, एकदम क्लिअर. मग तक्रार कशाची? आता सिग्नल गेला असता तर ट्रायच्या नियमाने 24 तासांत दुरुस्त करायला हवं, पण वायर रस्त्यात लोंबतेय आणि चित्र छान येतंय याला त्यांच्याकडे खानाच नाही!

मग मीच खणत बसले. खांब वीज कंपनीचा, रस्ता कॉर्पोरेशनचा, वायर भाईची, आणि भाईचं रजिस्ट्रेशन कुठे तर पोस्टात! 1995 च्या केबल कायद्यापासून हेड पोस्ट ऑफिसातच व्हायचं ते, आता जानेवारी 2025 पासून ऑनलाइन झालंय, थेट दिल्लीच्या मंत्रालयाकडे, 5000 रुपये भरा आणि पाच वर्षं बघायला नको. 2011 ला त्याच कायद्यात असंही घातलंय की सरकारी जागेवर केबल टाकायला, खांब उभे करायला जागा ज्याची आहे ते खातं परवानगी देऊ शकतं आणि वर आपल्या अटीही घालू शकतं. म्हणजे वायर कशी आणि किती उंचावर बांधायची हे सांगायची सोय कायद्यात आहे. आमच्या भाईला विचारलं परवानगीचा कागद आहे का, तर म्हणे खांब वडिलांच्या वेळेपासून वापरतोय. बरं.

माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याच्या केबलच्या बिलात फ्रँचाइज फी म्हणून वेगळी ओळ येते. तिकडे 1984 च्या कायद्याने गावाची कौन्सिल (काही राज्यांत आता राज्यच) कंपनीशी करार करते, की रस्ता आमचा वापरता ना, मग केबलच्या कमाईतले जास्तीत जास्त 5 टक्के गावाला द्या. वर एखादा चॅनलही गावासाठी मागून घेतात, त्यावर कौन्सिलच्या मीटिंगा दाखवतात, कोण बघतं कोण जाणे. ते 5 टक्के शेवटी माझ्याच खिशातून जातात म्हणून भाचा कुरकुरतो, पण निदान कोणाची वायर कोणाच्या रस्त्यावर आहे हे कागदावर तरी असतं.

चौथ्या दिवशी आलेला पोरगा मात्र कामाचा, हे सांगायलाच हवं. दातांनी वायर सोलली, नवा कनेक्टर लावला आणि आमच्याच दोरीने गच्चीच्या कठड्याला करकचून बांधली. आरशाचे पैसे मागितले तर हसला, ऑफिसात बोला म्हणे. ऑफिस म्हणजे तीच मुलगी, टीव्ही चालू आहे ना वाली.

चित्राला पाचपैकी साडेचार, वायरीला अर्धा. घ्यायचं असेल तर घ्या, फक्त पैसे देण्याआधी वायर कुठून नेणार ते त्याला गच्चीवर उभं करून दाखवायला सांगा. आमची पुन्हा सैल पडायला लागलीय आणि गणपतीत मंडळाची मूर्ती याच रस्त्याने येते, बांबूने वायर उचलून धरायला दरवर्षी दोन पोरं पुढे असतात, यंदा तिसरा लागेल असं दिसतंय.