जमलं की चुकून झालं? फिलिपिनोतल्या ‘ना-’, ‘नाका-’ आणि ‘काया’ यांतली निवड

फिलिपिन्सच्या फिलिपिनो भाषेत ‘बिनासाग को आंग बासो’ म्हणजे मी ग्लास मुद्दाम फोडला. ‘नाबासाग को आंग बासो’ म्हणजे तो माझ्या हातून फुटला. धातू एकच, बासाग. मराठीत आपण ‘फोडणे’ सोडून ‘फुटणे’ घेतो आणि ‘माझ्या हातून’ जोडतो. तिथे ‘ना-’ हा उपसर्गच ते सांगतो. अपघात सांगताना ‘बिनासाग’ वापरलंत, तर समोरच्याला तो कबुलीजबाब वाटेल.

पण ‘नाबुक्सान को आंग पिंतो’ म्हणजे दार मला उघडता आलं. उपसर्ग तोच, अर्थ ‘जमलं’. चुकून घडलेलं आणि खटपटीने साधलेलं, दोन्हींत परिणाम पूर्णपणे कर्त्याच्या हाती नसतो, म्हणून एकच रूप पुरतं. फुटणं-सांडणं असेल तर बहुधा चूक, उघडणं-संपवणं असेल तर यश. ‘नादाला को आंग पायोंग मो’ मात्र दोन्हीकडे झुकतं: तुझी छत्री चुकून माझ्याबरोबर आली, किंवा मला ती आणता आली. इथे संदर्भच पाहावा लागतो.

‘ना-’ की ‘नाका-’? वाक्याचा रोख वस्तूवर असेल तर ‘ना-’ आणि ‘को’. कर्त्यावर असेल तर ‘नाका-’ आणि ‘आको’ (‘को’ आणि ‘आको’ दोन्ही ‘मी’चीच रूपं): ‘नाकाबासाग आको नांग बासो’, माझ्या हातून एक ग्लास फुटला. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ‘नाबासाग आको’ म्हटलं की फुटलेली वस्तू तुम्हीच ठरता.

‘काया’ वेगळं. ‘काया कोंग बुहातिन आंग मेसा’: टेबल उचलायची ताकद माझ्यात आहे, उचललं की नाही, ते कळत नाही. ‘नाबुहात को आंग मेसा’ म्हणजे उचललंच. झालेल्या गोष्टीसाठी उपसर्ग घ्या, अंगातल्या ताकदीसाठी ‘काया’, शिकलेल्या कौशल्यासाठी ‘मारुनोंग’: ‘मारुनोंग आकोंग लुमांगोय’, मला पोहता येतं. परवानगीसाठी ‘पुवेदे’.

वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलताना हा फरक लागतोच. ‘हिंदी आको नातुलोग’ म्हणजे मी झोपलो नाही. ‘हिंदी आको नाकातुलोग’ म्हणजे झोप लागली नाही. दुसरं ऐकलं की निद्रानाशाचा विचार करायचा. (‘हिंदी’ म्हणजे ‘नाही’.) ‘आजीला जिना चढवत नाही’ हे आपलं शक्य क्रियापद या नकाराच्या अगदी जवळचं.

या जोडीत एक सापळाही आहे. ‘नातुलोग’मधला ‘ना-’ चुकून घडल्याचा किंवा जमल्याचा नाही. झोपण्याचं साधं क्रियापदच ‘मातुलोग’ आहे. तसंच ‘नाकाउपो’ म्हणजे बहुधा ‘बसलेला’, ती अवस्था आहे. शब्दकोशातलं मूळ रूप पाहिल्याशिवाय उपसर्गावरून अर्थ लावू नका.

चालू काळासाठी धातूचं पहिलं अक्षर दुणावतं: ‘नाकाबाबासा’, वाचता येतं. बोलण्यात ‘का’ दुणावतो, ‘नाकाकाबासा’. लेखी परीक्षेत पहिलं लिहा, बाजारात दुसरं बोला.