शिकणाऱ्यांसाठी साधी पेटी: दोन रीड, ४२ पट्ट्या, कपलर नको

कोल्हापुरात पेटी घ्यायला गेलात की दुकानदार आधी तीन रीडची, कपलरची, चकचकीत पॉलिशची पेटी पुढे ठेवतो. आवाज दणदणीत असतो आणि भजनी मंडळाला तो लागतोही. गळ्याची तयारी करणाऱ्याला मात्र खर्ज-नर अशा दोन रीडची (रीड म्हणजे हवेने वाजणारं धातूचं पातं; खर्ज खालच्या सप्तकाची, नर तिच्या वरच्या), कपलर नसलेली साधी पेटीच योग्य. हे परीक्षण त्या प्रकाराचं आहे, एखाद्या कंपनीचं नाही.

कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबली जाणं. त्यामुळे पट्टी जड होते, बोटं अवघडतात आणि सुट्या भागांची खडखड वाढते. स्केलचेंजरही नको. त्यात पट्ट्यांची अख्खी रांग सरकवून सा बदलता येतो, आणि तो असा आयता मिळाला की सा बदलला तर बाकीचे स्वर कुठे जातात हे डोक्यात बसतच नाही, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच बसवायचं असतं.

सा काळी १ वर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर धरा. सा काळी १, रे काळी २, ग पांढरी ४, म काळी ३, प काळी ४, ध काळी ५, नी पुढची पांढरी १. पाचही काळ्या आणि दोन पांढऱ्या, झाला बिलावल थाट, म्हणजे सगळे शुद्ध स्वर. उरलेल्या पाच पट्ट्यांवर कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म. सा आणि प अचल, म्हणून त्यांना कोमल-तीव्र नाही.

३७ की ४२ पट्ट्या? पेटी पांढरी १ पासून सुरू होते असं धरू. काळी १ वाल्याला ३७ मध्ये तिन्ही सप्तकं मिळतात, फक्त अगदी वरचा सा राहतो. काळी ५ वर गाणाऱ्या मुलीची मात्र अडचण होते, कारण तिसऱ्या काळी ५ च्या पुढे शुद्ध रे पर्यंतच जागा उरते. ४२ मध्ये तीच जागा पंचमापर्यंत जाते. वजन थोडं वाढतं, पण आम्ही ४२ च घ्यायला सांगू.

आता खरा मुद्दा, सूर. नवी पेटी समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेली येते. पंचम जवळपास बरोबर असतो, फरक कानाला कळत नाही. गांधार मात्र चढा असतो. काळी १ चा सा सुमारे २७७.२ हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा गांधार त्याच सप्तकात आणल्यावर ३४६.५ येतो, पेटीचा गांधार ३४९.२ वर असतो. शुद्ध धैवतही असाच चढा, कोमल गांधार उलट उतरलेला. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटी दूर ठेवली, त्यामागचा एक आक्षेप हाच. दुसरा मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, न निघण्याचा, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात तो कुणाला समजावून सांगावा लागू नये. म्हणून सा आणि प पेटीवर जुळवा, बाकीचे स्वर तानपुऱ्यावर गाऊन पक्के करा. गांधार शुद्ध लावून देणारे कारागीर आहेत, पण मग पेटी एकाच सा ची होते आणि दुसऱ्या पट्टीत बेसूर बोलते. गळ्याची पट्टी ठरेपर्यंत थांबा.

दुकानात तपासणी अशी करा. पुढच्या बाजूच्या, रीडकडे हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करून, पट्टी न दाबता भाता भरा आणि सोडा. दहा सेकंदांच्या आत मिटला तर हवा गळते आहे. चामड्याचे सांधे नीट बसलेले नसतात. मग खुंटी उघडून पट्टीला हात न लावता हवा भरा. एखादा सूर आपोआप वाजला तर पट्टीची स्प्रिंग सैल आहे किंवा पट्टीखालच्या गादीखाली कचरा आहे. नंतर एकेक पट्टी हळू हवेने दाबा. रीड उशिरा बोलली तर तिच्या पात्याची उंची चुकलेली आहे. शेवटी खर्ज-नर एकत्र वाजवा. आवाजात लाट आली तर दोन्ही रीड एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. सावकाश लाट खपून जाते, पण सेकंदाला दोन-तीन लाटा असतील तर पेटी परत द्या. हे सगळं तपासू न देणाऱ्या दुकानात थांबूच नका.

ड्रोनच्या, म्हणजे एकच सूर सतत धरून ठेवणाऱ्या खुंट्यांची संख्या बघून भुलू नका. त्या ठरावीक पट्ट्यांनाच बांधलेल्या असतात. तुमचा सा वेगळा असेल तर निरुपयोगी.

इथल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रोज पाच मिनिटं वाजवा. उन्हात वाळवू नका, लाकूड तडकतं.

एक उणीव या वर्गातल्या बहुतेक पेट्यांत दिसते: नवी रीड पहिल्या वर्षात सुरातून हलते. कारागीर चढवायचा सूर असेल तर पात्याचं मोकळं टोक घासतो, उतरवायचा असेल तर बुडाकडची बाजू. दोन्हीकडे धातू कमीच होतो, म्हणून वारंवार घासणं रीडला परवडत नाही. खरेदीच्या पावतीवरच वर्षाच्या आत एकदा मोफत सूर लावून देण्याचं लिहून घ्या.